पोच घेतली का?

ड्युटीवर लैंगिक छळ झाल्याची तक्रार एका नर्सने तीन महिन्यांनी केली, ही बातमी पेपरात आली होती. नळ स्टॉपच्या कट्ट्यावर तिचा विषय नानांनीच काढला. "तीन महिने गप्प का बसली ही? त्याच वेळी ओरडायचं ना!"

शैलाताईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. वॉर्ड सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या त्या. "रात्री भरलेल्या वॉर्डात दोन सिस्टर, नाना. ओरडून बोलवायचं कोणाला? त्रास देणारा कधी नाइटचा डॉक्टर असतो, कधी मामा म्हणजे वॉर्डबॉय, कधी पेशंटचा नातेवाईक. हातातलं सलाईन टाकून पळणार कुठे ती?"

"पण पुरावा नको का?"

"त्याच रात्री करायचा. तारीख, वेळ, बेड नंबर, तो बोलला तेच शब्द, जवळ कोण होतं, सगळं वहीत. मेसेजचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मूळ मेसेज पुसायचे नाहीत. ड्युटी रोस्टरचा फोटो काढायचा, म्हणजे तो त्या रात्री तिथे होता हे दिसतं. सीसीटीव्हीवर जुन्यावर नवं चढत जातं, म्हणून फुटेज जपून ठेवा असं पत्र लगेच द्यायचं."

अव्या म्हणाला, "आमच्या कंपनीत अशा तक्रारी ऐकणाऱ्या कमिटीचं पोस्टर भिंतीवर आहे."

"आहे ना? मग कमिटीवरच्या बाहेरच्या सदस्याचं नाव सांग."

अव्या चहा ढवळत बसला.

"कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की कमिटी हवीच. अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्या तरी बायका, एक सदस्य बाहेरचा. लेखी तक्रार सहा प्रतींत, शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांत. कारण पटलं तर आणखी तीन. लिहिता येत नसेल तर कमिटीने मदत करायची. कामाच्या सात दिवसांत ज्याच्यावर तक्रार त्याला प्रत, कामाच्या दहा दिवसांत त्याचं उत्तर, नव्वद दिवसांत चौकशी."

"आणि तोवर रोज त्याचं तोंड बघायचं?" अव्याने विचारलं.

"नाही. तिने लेखी मागितलं तर कमिटीच्या शिफारशीवरून दोघांपैकी कोणाचीही बदली होऊ शकते, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळू शकते. इथेच घोळ होतो. 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणत तिलाच आयसीयूतून ओपीडीत टाकतात. बाकीच्या पोरी बघतात आणि गप्प बसायला शिकतात."

"नातेवाईकाने केलं तर? तो काय नोकर आहे हॉस्पिटलचा?" नानांना मुद्दा सापडला.

"बाहेरच्यांपासून सुरक्षित ठेवणं ही मालकाचीच जबाबदारी, कायद्यात लिहिलंय. तिला हवं असेल तर पोलिसांत जायलाही त्यानेच मदत करायची."

मग ताई सावकाश बोलल्या. "अशा पोरीचं मन कसं खचतं ते बघा. एकच डोस तीनदा तपासते. एका बेडकडे जाताना सलाईनचा स्टँड मध्ये घेते. नाइट बदलून मागते, दिवसा झोप लागत नाही. मग कधीतरी चार्टवर चूक होते आणि मेमो तिलाच. समुपदेशन द्या, पण त्याची नोंद नोकरीच्या फाईलला लावू नका, नाहीतर कोणी जाणार नाही. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, रात्रीही लागतो."

"पूर्वी नव्हतं हो असलं काही," नाना पुटपुटले.

"नव्हतं? २७ नोव्हेंबर १९७३. मुंबईचं केईएम हॉस्पिटल. नर्स अरुणा शानबाग कपडे बदलायला तळघरात गेली होती, तिथेच तिच्यावर अत्याचार झाला. पुढे ४१ वर्षं तिला सांभाळलं ते तिथल्या सिस्टरनीच. आज किती ठिकाणी नर्सना आतून कडी लागणारी खोली आहे?"

कट्टा गप्प झाला. पोह्यांची प्लेट तशीच राहिली.

अव्यानेच कोंडी फोडली. "नाना, दारासमोरच्या खड्ड्यासाठी महापालिकेला किती अर्ज केलेत?"

"सतरा! आणि प्रत्येकाची पोच आहे माझ्याकडे, शिक्क्यासकट."

"खड्ड्याला सतरा पोच," ताई म्हणाल्या, "आणि त्या पोरीने एक मागितली तर तुम्हाला तीन महिन्यांचा हिशोब हवा."

नाना थोडा वेळ खड्ड्याच्या दिशेने बघत राहिले. मग खिशातून पेन काढलं. "कोणाला अर्ज लिहून हवा असेल तर माझ्याकडे पाठवा. मसुदा माझा पक्का असतो. 'सेवेशी, सविनय सादर...'"

"ते 'सविनय' आधी खोडा!" ताई कडाडल्या आणि नानांसकट सगळा कट्टा हसत सुटला.