शांघायमध्येही तळमजलाच अडतो

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हा विषय दर महिना-दोन महिन्यांनी निघतोच. कुणीतरी चीनमधल्या पुलाचा नाहीतर बुलेट ट्रेनचा व्हिडिओ टाकणार, कुणीतरी त्याखाली आपल्या मुंबई-अहमदाबादचं भूमिपूजन 2017 साली झालंय याची आठवण करून देणार, आणि मग काकांचं ठरलेलं वाक्य येणार, "तिकडे हुकूम सुटला की काम होतं, आपल्याकडे लोकशाहीचा अतिरेक." ह्या वेळी निमित्त आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं होतं. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे, रिडेव्हलपमेंटची फाइल कधीची पडून आहे आणि तळमजल्यावरची दोन घरं सही करत नाहीत. नियमाप्रमाणे 2019 पासून 51 टक्के संमती पुरते, पण रोज जिन्यात समोर येणाऱ्या माणसाला कोर्टात कोण खेचणार. मी राहतो शांघायमध्ये, तर काकांनी मला थेट विचारलं, शांघायमध्ये असती तर एव्हाना नवी बिल्डिंग उभी राहिली असती की नाही?

नसती राहिली. आणि हे दोन ओळीत सांगण्यासारखं नाही म्हणून इथं लांबण लावतोय.

शांघाय म्हटलं की आपल्याला फूतोंगचे (म्हणजे पुडोंगचे) टॉवर दिसतात. ते खरेच आहेत. 1990 मध्ये नदीपलीकडचा तो भाग विकसित करायचं ठरलं, मेट्रोचा पहिला तुकडा 1993 ला सुरू झाला आणि आज जाळं 800 किलोमीटरच्या वर गेलंय, आपण 2004 पासून मुंबईचं शांघाय करतोय आणि मधल्या काळात शांघायचंच आणखी शांघाय झालं. पण मी राहतो त्या भागात टॉवर कमी आणि ऐंशीच्या दशकातल्या सहा मजली बिल्डिंगा जास्त, खिडकीतून बाहेर काढलेल्या दांड्यांवर कपडे वाळत घातलेले, खाली सायकली, ई-बाइक, भाजीच्या ट्रॉल्या. सहा मजल्यांपर्यंत लिफ्ट लागत नाही असा त्या वेळचा हिशोब होता. (त्यांचा पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, त्यामुळे त्यांचा सहावा आपला पाचवा, पण गुडघ्यांना त्यानं फरक पडत नाही.) कारखान्यांनी, ऑफिसांनी आपल्या कामगारांना ही घरं दिली होती, 1998 मध्ये घरं वाटप बंद झालं आणि बहुतेकांनी आपापलं घर स्वस्तात विकत घेतलं. ऐंशीच्या दशकात पस्तिशीत सहाव्या मजल्यावर आनंदानं गेलेली ती माणसं आता पंचाहत्तरीला आलीत. शांघायची जी नोंदणीकृत लोकसंख्या आहे तिच्यातले एक तृतीयांशाहून जास्त लोक साठीच्या पुढचे आहेत, त्यामुळे हा काही एका बिल्डिंगचा प्रश्न नाही. जिन्याच्या वळणावर भिंतीला घडीच्या खुर्च्या ठोकलेल्या दिसतात, दम लागला की बसायला. आमच्या जिन्यात एक आजोबा होते, ते हिवाळा सुरू झाला की खालीच उतरायचे नाहीत, भाजी, औषधं, सगळं डिलिव्हरीवाली पोरं धावत वर नेऊन द्यायची.

आता आपल्याकडचा मनुष्य पटकन म्हणेल, मग पाडा आणि बांधा. इथं ते सोपं नाही कारण जमीन सरकारची आहे, तुमचा हक्क घरावर आणि ठरावीक मुदतीसाठी जमीन वापरण्यावर. सोसायटीनं बिल्डर बोलवायचा, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते) मोजायचा, टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) आणायचा, वर 30-35 टक्के जास्त कार्पेट मागायचा, हा आपला लाडका खेळ इथल्या सभासदांना उपलब्धच नाही. काही ठिकाणी जुन्या वसाहती पाडून तिथंच नव्या बांधल्या आणि त्याच लोकांना परत आणलं, पण ते सरकारी योजनेतून, निवडक जागी. बाकीच्यांसाठी मार्ग एकच, आहे त्या बिल्डिंगला बाहेरून लिफ्ट चिकटवायची. ह्या शहरात अशा हजारो लिफ्ट लागल्यात.

आणि अशी लिफ्ट आधी अडते ती तळमजल्यावरच्या घरांपाशी!

कारण समजून घ्या, आडमुठेपणा कमी आणि हिशोब जास्त आहे. लिफ्ट नसते तेव्हा खालची घरं महाग आणि सहावा मजला सगळ्यात स्वस्त. लिफ्ट आली की सहाव्याला ऊन, हवा आणि भाव तिन्ही मिळतात, खालच्याला मिळतो खिडकीसमोर काचेचा खांब, मोटरचा आवाज आणि पडलेला भाव. म्हणजे वरच्याची चढलेली किंमत थोडीफार खालच्याच्या खिशातून जाते, आणि त्यात गेली काही वर्षं इथं घरांचे भाव तसेच घसरतायत. मी तळमजल्यावर असतो तर मीही सही केली नसती.

मग हुकूम कुठंय? हुकूम नाही, नियम आहे. आधी जिन्यातल्या सगळ्यांची संमती लागायची, मग अट सैल झाली, आणि 2021 पासूनच्या दिवाणी संहितेप्रमाणे दोन तृतीयांश मालकांनी मतदान करायचं आणि त्यातल्या तीन चतुर्थांशांनी हो म्हणायचं. गुणाकार करून बघा, जेमतेम निम्मे होतात, म्हणजे आपले 51 टक्केच. आणि आपल्यासारखंच, कागदावर निम्मे पुरतात तरी प्रत्यक्षात पुरत नाहीत. शेजारच्या बिल्डिंगमध्ये मतदान झालं, मंजुरी आली, खड्डा खणायला माणसं आली आणि खालच्या घरातले दोघं खुर्च्या टाकून त्या जागेवर बसले. पोलीस आले, आपसात मिटवा म्हणाले आणि गेले. ते काम अजून तसंच आहे.

आमच्या जिन्यात मात्र लिफ्ट लागली, तीन-चार वर्षांच्या चर्चेनंतर आणि काही महिन्यांच्या कामानंतर. खर्च साडेसहा लाख युआनच्या आसपास, त्यात 40 टक्के सरकारी अनुदान (वरची मर्यादा 2 लाख 80 हजार), उरलेलं मजल्याप्रमाणे. सहाव्या मजल्यावरच्या घराला 65 हजार युआनच्या घरात, पाचव्याला त्याहून कमी, असं करत करत दुसऱ्या मजल्याला थोडेसे आणि पहिल्याला, म्हणजे आपल्या तळमजल्याला, शून्य. खालच्या घरात एक आजी राहतात, त्या तरीही अडून होत्या. निवासी समितीची बाई, म्हणजे आपल्याकडचा नगरसेवकाचा कार्यकर्ता आणि सोसायटीचा सेक्रेटरी यांच्या मधलं काहीतरी, ती त्यांच्याकडे किती वेळा जाऊन बसली असेल देव जाणे. शेवटी कळलं की आजींचं मुख्य दुखणं प्रकाश नव्हताच, वरच्या घरांच्या पाइपमुळे त्यांच्या बाथरूमची भिंत कायम ओली राहायची आणि तक्रार करून करून त्या थकल्या होत्या. वरच्या मजल्यांनी वर्गणी काढून पाइप बदलला, भिंत करून दिली, लिफ्टचा खांब पूर्ण काचेचा ठरला आणि खिडकीपासून थोडा सरकवला. आजींनी सही केली. लिफ्ट लागली तरी ती जिन्याच्या वळणावर थांबते, दारात नाही, कारण आमच्या बिल्डिंगला बाहेरून तेवढंच जोडता येतं, त्यामुळे अर्धा मजला अजूनही चढावा लागतो. आजोबा आता तेवढं चढतात, रोज खाली येऊन पत्ते खेळतात. मी भाडेकरू, मला ना मत ना वर्गणी, पण घरमालकानं करार संपताच भाडं वाढवलं, तेव्हा माझाही हिस्सा त्यानं बरोबर वसूल केलाय.

काकांना हवाय तसा हुकूम इथं चाललाच नाही असं मी म्हणत नाही. 2010 च्या एक्स्पो ह्या जागतिक प्रदर्शनासाठी नदीकाठची सुमारे 18 हजार कुटुंबं हलवली, तेव्हा जिन्यात बसून कुणाच्या ओल्या भिंतीची चौकशी होत नव्हती. मेट्रोच्या मार्गात घर आलं तर आजही निघावंच लागतं, मोबदला चांगला मिळतो म्हणतात, पण "नको" हा पर्याय नसतो. आणि निव्वळ हुकूम काय असतो ते बघायचंच असेल तर 2022 च्या कोविड लॉकडाऊनचे एप्रिल-मे बघा. आधी म्हणाले चार दिवस, मग दोन महिने गेले, अडीच कोटींचं शहर घरात कोंडलेलं, खिशात पैसे असून भाजी मिळत नाही, दारावर कागद चिकटवलेला, चाचणीसाठी पहाटे भोंग्यावरून हाक. त्या दोन महिन्यांत ह्या प्रचंड यंत्रणेला साधी अंडी दारापर्यंत आणता येत नव्हती, ती जिन्यातल्या लोकांनी ग्रुप काढून, एकत्र ऑर्डर देऊन मिळवली. आमचा तोच अंड्यांचा ग्रुप पुढे लिफ्टचा ग्रुप झाला. आजींशी बोलायला कुणी जायचं हेही तिथंच ठरलं, कारण लॉकडाऊनमध्ये सहाव्या मजल्यावरच्या मुलीनं त्यांना बीपीच्या गोळ्या मिळवून दिल्या होत्या. ह्या गोष्टीचा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही.

म्हणून मला "हुकूम विरुद्ध लोकशाही" हा वादच आता कंटाळवाणा वाटतो. इथं रस्ते आणि रेल्वे भराभर होतात त्याची कारणं वेगळी आहेत, जमीन सरकारची, पैसा सरकारचा, तेच डिझाइन पुन्हा पुन्हा वापरायचं. पण जिथं चार घरांनी मिळून ठरवायचं असतं तिथं शांघाय आणि कोथरूड सारखंच हळू चालतं, फक्त इथं कुणाचं काय बुडतंय ते आधी मांडलं जातं आणि त्याप्रमाणे पैशाची वाटणी होते. आपल्या सोसायट्यांच्या उपविधींमध्ये बघा, लिफ्टच्या देखभालीचा खर्च ज्यांना ती सोय आहे त्या सगळ्या सभासदांना सारखा, वापरा नाहीतर वापरू नका. त्यामुळे वरचे म्हणतात नियम म्हणजे नियम, खालचे म्हणतात आम्ही कशाला भरू, आणि दर सर्वसाधारण सभेत चहा होईपर्यंत हेच.

आमच्या सोसायटीतल्या त्या दोन घरांना नेमकं काय नकोय हे अजून कुणी नीट विचारलेलंच नाही, सगळे फक्त सही मागतात. एकाचं खाली क्लिनिक आहे, तीन वर्षं दुसरीकडे गेलं तर पेशंट तुटणार, एवढं मलासुद्धा इथं बसून कळतं. रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल, तोवर मागच्या बाजूला नुसती लिफ्ट बसते का हे एखाद्या आर्किटेक्टला दाखवायला काय हरकत आहे, मार्जिन किती सुटतं ते मोजावं लागेल, महापालिकेची परवानगी लागेल, थोडी फी जाईल. तळमजल्याला शून्य धरून मजल्याप्रमाणे वर्गणीचा तक्ता मी करून पाठवतो, फक्त तिसऱ्या मजल्यावर आमचंच घर आहे आणि सगळ्यात मोठा आकडा बाबांच्या नावापुढे येणार आहे, त्याची त्यांना आधी कल्पना द्या.