पिल्लांच्या चोचीत दूध घालायला मुलांना शिकवू नका

‘मुलांच्या हातून चिमण्या वाचवा’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. बाटली कापून खाद्यपात्र करा, त्यात दुधात भिजवलेला पाव आणि फरसाण भरा म्हणजे पंधरा दिवस पाहावे लागणार नाही, घरट्यातून पडलेल्या पिल्लाला ड्रॉपरने दूध पाजा, मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपत आल्या आहेत, असे त्यात सांगितले आहे. तो वाचून माझी पाच वर्षांची भाची दुधाची वाटी घेऊन गॅलरीत उभी राहिली, तेव्हा गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

यातला सर्वांत घातक सल्ला दुधाचा आहे. पक्षी सस्तन नाहीत. दुधातली साखर त्यांना पचत नाही आणि हगवण लागते. त्याहून वाईट म्हणजे पिल्लाच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते, त्यामुळे ड्रॉपरने सोडलेले दूध फुप्फुसात उतरून ते गुदमरू शकते. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना ती मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते; तिथे पावाचा काय उपयोग? पिसे फुटलेले पिल्लू खाली दिसले तर बहुधा त्याचे आईबाप जवळच असतात, म्हणून त्याला मांजरापासून दूर, झुडपात ठेवून आपण बाजूला व्हावे. पिसे नसलेले पिल्लू अलगद घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकते, हा समज खोटा आहे.

फरसाणातले मीठ पक्ष्यांना अपायकारक असते आणि ओल्या पावाला बुरशी धरते, एवढे सांगणे पुरे.

शहरांत चिमण्या घटल्या, हे मात्र मान्य करावे लागते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या अहवालात मुंबईसह मोठ्या महानगरांत त्या कमी झाल्याचे आणि देशभरात एकंदर संख्या साधारण स्थिर असल्याचे म्हटले आहे. टॉवरच्या दाव्याला उपलब्ध पुरावा दुजोरा देत नाही, असेही तो नोंदवतो. कीटकांची घट आणि घरट्यांना जागा नसणे ही संभाव्य कारणे तो देतो.

खाद्यपात्र जरूर करा. नारळाच्या करवंटीला मोठ्यांनी तीन भोके पाडावीत, मुलांनी सुतळी ओवावी. दिवसभरात संपेल एवढीच बाजरी किंवा तांदळाची कणी घालावी, शेजारी उथळ परळात पाणी ठेवावे, ते रोज बदलावे आणि दोन्ही भांडी वरचेवर घासावीत. कबुतरांचे थवे जमू लागले तर दाणे बंद करून फक्त पाणी चालू ठेवावे.