शून्य ड्युटी म्हणजे शून्य खर्च नव्हे

आज पुन्हा तेच ऐकलं. "ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तरी दोघांत करार झालाय, मालावरची ड्युटी (आयात शुल्क) शून्य आहे, मग संघातच राहिलेलं आयर्लंड अजून ब्रेक्झिटच्या नावाने का रडतंय?" आणि त्याच सकाळी डब्लिन बंदरात एक अख्खी गाडी काळ्या शाईपायी अडकून पडली होती. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

गाडी ब्रिटनहून आलेली. 26 पॅलेट, माल सात-आठ वेगवेगळ्या मालकांचा. बिस्किटं, सॉस, साबण आणि फक्त एक पॅलेट चीज. दुधाचा पदार्थ आला की पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र आलंच. त्यावर ट्रेलरच्या सीलचा नंबर, खोकी किती, वजन किती. माल पोचायच्या 24 तास आधी 'ट्रेसेस' या युरोपीय प्रणालीत नोंद. प्रत्येक मालाचं कस्टम डिक्लेरेशन वेगळं, आणि बोटीवर चढण्याआधी त्या सगळ्यांचे नंबर एका 'पीबीएन'खाली, म्हणजे अख्ख्या गाडीच्या एकाच नोंदीखाली, बांधायचे. आता त्या प्रमाणपत्रावरची सही छपाईपेक्षा वेगळ्या रंगात हवी, असा नियम आहे. छपाई काळी होती आणि सहीही काळ्या पेनाने केलेली. झालं! एका पॅलेटचा कागद चुकला आणि उरलेली 25 पॅलेटं त्याच्यासोबत उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, ही तर आयात झाली, निर्यातीचा काय संबंध? संबंध हाच, की ही गाडी रिकामी करून आयर्लंडमधल्याच मोनाहनला, ब्रिटनला जाणारी मशरूम भरायला जायची होती. जाताना-येताना दोन्हीकडे माल मिळाला तरच वाहतूकदाराचं गणित बसतं. आणि मशरूम थांबत नाही. बेडवर असेल तर चोवीस तासांत जवळपास दुप्पट होतं, टोपी उघडली की भाव पडला. खुडलं की लगेच थंड करायचं आणि त्याच रात्रीच्या बोटीने पाठवायचं, कारण पुढे दुकानात टिकायचं ते आठवडाभर. एक बोट चुकली की त्यातला एक दिवस गेला.

या मशरूमवाल्यांना तर ब्रेक्झिट व्हायच्या आधीच फटका बसला होता. त्यांचं बहुतेक पीक ब्रिटनला जातं, भाव पौंडात ठरलेला आणि मजुरी मात्र युरोत. 23 जून 2016 ला मतदान झालं तेव्हा एक पौंड 1.30 युरोच्या आसपास होता, ऑक्टोबरपर्यंत तो 1.10 वर आला. नफा मुळातच चार पैशांचा. काही महिन्यांत कित्येक शेड बंद पडल्या. ना ड्युटी लागली होती, ना सीमा उभी राहिली होती. हे कोणी लक्षात ठेवत नाही याचा खरंच संताप येतो.

बरं, मान्य. करार झाला नसता तर याहून वाईट झालं असतं. चेडर चीजवर युरोपीय संघाचा बाहेरच्यांसाठीचा ड्युटीचा दर 100 किलोला 167.10 युरो. ब्रिटननेही तेवढीच ड्युटी लावली असती तर आयर्लंडहून तिथे जाणाऱ्या 20 टनांच्या एका गाडीवर 33,420 युरो. आणि चेडर दुसरीकडे वळवणं सोपं नाही, कारण युरोपात लोक गौडा, एमेंटाल, मोझरेला खातात. तेच यंत्र, तेच कल्चर (विरजण) वापरून उद्यापासून गौडा निघत नाही, त्यासाठी वेगळा कारखाना लागतो. किलकेनी काउंटीत बेलव्ह्यूला असा कारखाना उभारला, पण कोर्टकचेऱ्यांतून तो सुरू व्हायला 2024 उजाडलं.

आणि 'शून्य ड्युटी' कुणाला? मालाचं मूळ सिद्ध झालं तर! आयर्लंडच्या दमट हवेतला गहू पावाला कमी पडतो, म्हणून पिठाचा मोठा वाटा ब्रिटनमधून येतो. ब्रिटिश गिरण्या त्यात कॅनडाचा कडक गहू मिसळतात. असा बाहेरचा गहू 15 टक्क्यांच्या वर गेला की पिठावर टनाला 172 युरो ड्युटी. बटाट्याचं स्कॉटिश बियाणं तर 1 जानेवारी 2021 पासून यायचंच बंद झालं. बटाट्याच्या देशात, बरं का!

मग ब्रिटन टाळून थेट युरोपला का पाठवत नाहीत? पाठवतात की. जानेवारी 2021 पासून आयर्लंडचं रॉसलेअर ते फ्रान्सचं डंकर्क अशी थेट बोट आहे, साधारण 24 तासांची. पण डब्लिनहून वेल्समधल्या होलीहेड बंदरात सव्वातीन तासांत उतरून, ब्रिटन ओलांडून डोव्हर बंदरामार्गे फ्रान्सला गेलं तर अजूनही लवकर पोचतं, आणि ताज्या मालाला तेवढाच फरक पुरतो. डिसेंबर 2024 मध्ये वादळाने होलीहेड बंद पडलं, ते थेट जानेवारीच्या मध्यापर्यंत. ऐन नाताळात काय हाल झाले ते ज्यांनी माल पाठवला त्यांना विचारा.

बीफवाल्यांना तर पुढचीच काळजी आहे. 31 मे 2023 पासून ऑस्ट्रेलियाचं बीफ ब्रिटनमध्ये ड्युटीशिवाय येतंय, पहिल्या वर्षी 35,000 टनांपर्यंत, दहाव्या वर्षी 1,10,000. ब्रिटन आजही आयर्लंडचा सर्वात मोठा गिऱ्हाईक आहे, एकूण खाद्यनिर्यातीचा साधारण तिसरा हिस्सा तिथे जातो. विक्री कोसळली नाही, हेही खरं. पण ती टिकवायला किती कागद आणि किती रात्री जातात ते त्या आकड्यांत दिसत नाही.

मे 2025 मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाने पशू-वनस्पती आरोग्याच्या नियमांवर करार करायचं ठरवलं. तो नीट झाला तर ही बरीच प्रमाणपत्रं जातील. मनापासून वाटतं की लवकर व्हावा.

त्या पशुवैद्यावर राग नाही. दिवसभर सह्या करणारा माणूस, हाताला लागलं ते पेन उचललं असेल. ड्रायव्हर मात्र केबिनमध्ये बसून होता, दर अर्ध्या तासाने फोन बघत. बदली प्रमाणपत्र दुपारी उशिरा आलं, सही निळी. मोनाहनची मशरूम तोवर दुसऱ्या गाडीत, जास्त भाड्याने, उद्याच्या बोटीसाठी भरली जात होती.