मुलींच्या खो-खोची बातमी कशी लिहावी

परवा आपल्याकडच्या एका आंतरमहाविद्यालयीन सामन्याची बातमी छापून आली. बारा ओळींत खेळाडूचं हसणं दोनदा, गुण एकदाही नाहीत. ही कला खानदेशात घरोघरी पोचावी म्हणून हे मार्गदर्शन.

मथळ्यात 'रणरागिणी' घाला. आडनाव चुकलं तरी चालतं.

गुण टाळा. खरं तर '२.१० मि. संरक्षण व ४ गडी' (दोन मिनिटं दहा सेकंद बाद न होता पळाली, चार जणींना बाद केलं) एवढी अर्धी ओळ पुरते. पण त्यासाठी सामना संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि उद्घाटनाचा चहा झाला की आपण निघतो. २०२५ च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. विचारा बरं पारावर कोणाला.

मुलाखतीत भरीत जमतं का, हे विचाराच.

'लेडी धोनी' छाप उपमा द्या. क्रिकेटमध्ये २०२५ च्या महिला एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ५८ धावा करून ३९ धावांत ५ बळी घेणारी दीप्ती शर्मा कोणाची 'लेडी', ते मात्र ठरवून कळवा.

आता रील. खांबावरून मारलेला सूर निवडा. पळणारी खांबाला वळसा घालते, मागची एका हाताने खांब धरून अंग आडवं फेकते, दुसरा हात ताणते. बोटं पाठीला लागली तर गडी बाद. अर्धी वीत कमी पडली तर कोपर सोलून निघतं आणि पळणारी निसटते. बघायचं असतं ते बोटं आणि पाठ यांमधलं अंतर. तुम्ही नेमकं तेच कापा. कॅमेरा कमरेवर न्या, वेग कमी करा, गाणं लावा. खाली 'हाई कोनी पोर शे रे?' विचारणारे शंभर जण येतातच. बदामांची रांग लावणारे वेगळे. गडी बाद झाला की नाही, हे एकही विचारत नाही! अरे, नऊनंतर इथलं मैदान तव्यासारखं तापतं म्हणून या मुली पहाटे साडेपाचला सरावाला येतात. तेव्हा कुठे असतो तुमचा कॅमेरा?

आणि फोन तिच्या बापाकडे, काकाकडेही असतो. तुमची ती रील घरात फिरली की दुसऱ्या दिवसापासून तिचं मैदान बंद. मग तुम्हीच लिहिणार, 'खानदेशात खेळाडू का घडत नाहीत?' लाज वाटू द्या जरा. ती रील आधी काढा. पुढच्या सामन्याला गुणलेखकाच्या टेबलाशी जा. कागद तिथेच असतो, मागितला की दाखवतात.