साहेब काय म्हणतात?

माझं वजन ६४ किलो आहे. नौपाड्यातल्या एका टायरच्या दुकानात हे परवा संध्याकाळपासून सगळ्यांना माहीत आहे. तुम्हीच तेवढे राहिला होतात.

स्कूटरच्या मागच्या टायरची नक्षी कधीच गेली होती. त्यात घोडबंदर रोडवरच्या एका खड्ड्याने त्याच्या कडेला लिंबाएवढं टेंगूळ आणलं. असा टायर कधीही फुटतो, म्हणून आमच्या पंक्चरवाल्याने हात जोडले आणि मी दुकानात गेले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"साहेब नाही आले?"

"साहेबांना स्कूटर येत नाही."

"मग फोन लावा ना. कुठला टाकायचा ते विचारून घ्या."

मी गृहपाठ करून आले होते हो! ९०/१००-१० हे आकडे मला तोंडपाठ होते. रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १० इंचाची. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच कोंबणाऱ्या माणसाला शाळेत कोणी मारलं कसं नाही, हा प्रश्न वेगळा. पुढे ५३ जे. त्यातला जे म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंत चालेल. मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत ताशी बाराने जाणाऱ्या बाईला ही माहिती ऐकून बरं वाटतं.

"आणि ५३ म्हणजे या टायरवर २०६ किलोपर्यंत भार चालतो," मी म्हटलं. इथेच घात झाला.

टायरांच्या चळतीवर एक काका पेपर वाचत बसले होते. ते गिऱ्हाईक नव्हते आणि मालकही नव्हते. दुकानातला पोरगा त्यांना न विचारता चहा देत होता, यावरून मुक्काम जुना असावा. त्यांनी पेपर खाली केला.

"२०६? सगळं मिळून?"

"हो."

"गाडीचं वजन किती?"

"असेल १०८ वगैरे."

"म्हणजे उरले ९८." पेपरच्या समासात त्यांनी आकडा लिहिला. "आता तुमचं. पंचाहत्तर धरू."

"चौसष्ट!" मी ओरडले. पोरगा पाना हातात धरून थांबला. हवा भरायला आलेला रिक्षावालाही वळला.

"चौसष्ट तर चौसष्ट," काका एखादी सवलत दिल्यासारखं म्हणाले. "मिस्टर मागे बसतात?"

"कधीतरी. स्टेशनवरून आणायला जाते."

"कसे आहेत अंगाने?"

"त्यांचं कशाला?"

"८२ धरू. ठाण्यातल्या नोकरदार माणसाचं पोट मला माहितीय. गॅसचा सिलिंडर नेता का कधी?"

"काका, सिलिंडर घरी येतो!"

"घरी येतो, पण सणाच्या दिवशी संपतो. मग तुम्ही शेजारून पायाशी ठेवून आणणारच. भरलेला ३० किलोचा. जांभळी नाक्याची भाजी मी धरतच नाही." त्यांनी बेरीज केली आणि वर पाहिलं. "२८४. बसत नाही हो!"

"काका, गाडीला पुढेही एक चाक आहे."

"पुढचं चाक नुसतं वळायला असतं."

यावर मी काय बोलणार? दुकानदाराने मान हलवली. तोही काकांच्या बाजूने. आयुष्य टायरांत गेलेला माणूस, आणि पुढचं चाक वळायला असतं यावर मान हलवतो! मी रोज याच गाडीवरून लेकीला क्लासला सोडते, बँकेत जाते, सासूबाईंना डॉक्टरकडे नेते. पण साहेब काय म्हणतात?

शेवटी लावला फोन. यांना खरोखर किती कळतं ते सगळ्यांना ऐकू यावं, म्हणून मुद्दाम स्पीकरवर. मागे लोकलचा खडखडाट.

"अरे, टायर घेतेय. कुठला घेऊ?"

"कसला टायर? घाटकोपर आलंय, चढतायत लोक."

"स्कूटरचा."

"काळा घे," म्हणाला आणि फोन बंद.

दुकानदाराने गंभीरपणे मान डोलावली. "म्हणजे साहेबांचं कंपनीबद्दल काही म्हणणं नाही."

मग कंपन्या निघाल्या. काकांच्या मते सिएट घरची, कारण कारखाना भांडुपला. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी; १९४६ साली त्यांनी सुरुवात केली ती खेळण्यातले फुगे करून. हे खरं आहे, पण त्यावरून काकांनी काढलेला निष्कर्ष ऐका: "फुगेवाल्यांना हवा कळते." प्रत्येक टायर अंगठ्याने दाबून त्यांनी 'मऊ' किंवा 'कडक' असा शेरा दिला. यातलं चांगलं कोणतं, ते मात्र सांगितलं नाही.

पोरगा एक टायर घेऊन आला. मी कडेवरचे आकडे वाचले. शेवटचे चार, २३२१.

"हा २०२१चा आहे. तेविसावा आठवडा. तेव्हा आपण मास्क लावून फिरत होतो."

"तो बॅच नंबर असतो ताई," दुकानदार म्हणाला.

"कंपनीचा कोड," काकांनी दुजोरा दिला.

"पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. सगळ्या कंपन्यांचं तसंच असतं. इतकी वर्षं पडून राहिलेला टायर मला नकोय."

दुकानदार काही न बोलता आत गेला आणि दुसरा टायर घेऊन आला, त्याच भावात, गेल्याच वर्षीचा. बॅच नंबर होता तर मग बदलला कशाला, असं विचारायला तोंड उघडलं तोच काका पोरग्याला म्हणाले, "मी नेहमी सांगतो, टायर घेताना तारीख बघावी. लोक बघत नाहीत."

लोक!

मला अजून राग येतोय तो याचा. वजनाचं सोडा, ते मीच ओरडून सांगितलं. पण गृहपाठ आपण करायचा, श्रेय चळतीवर बसलेल्याने घ्यायचं आणि सल्ला लोकलमधून मागवायचा. गाडी घेताना रस्त्याचा कर एकरकमी भरला तोही मीच. त्या करातला कोणता रुपया त्या खड्ड्यात गेला, तेवढं सांगा. रस्ता कोणाचा म्हणून विचारलं, की जो तो दुसऱ्या ऑफिसकडे बोट दाखवतो, आणि तोवर खड्ड्यावर बसवलेले पेव्हर ब्लॉकही उखडून येतात. मग टायर आपल्या खर्चाने.

टायर चढला. व्हॉल्व्हचे पैसे वेगळे. नायट्रोजन भरू का, विचारलं. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि ती पेट्रोल पंपावर फुकट मिळते, असं मी म्हटलं. "पण हा थंड असतो," काका म्हणाले. मी साधी हवा भरून घेतली. बिलावर नाव लिहायला दुकानदाराने पेन उचललं आणि विचारलं, "साहेबांचं नाव?" मी माझं लिहायला लावलं, मोठ्या अक्षरात.

निघताना दिसलं की पोरग्याने माझा जुना टायर कोपऱ्यातल्या ढिगावर फेकलाय. कोणी विचारलं नाही, ठेवू का म्हणून. मला तो नकोच होता. पण तो माझा होता, आणि या दुकानात एक गोष्ट तरी माझ्या मनाप्रमाणे व्हायला हवी होती.

"तो द्या इकडे."

"काय करणार ताई त्याचं?" काकांना खरंच काळजी वाटली. त्यांच्या बेरजेत तो धरलेला नव्हता.

घेतला पायाशी आणि आणला घरी. सध्या तो गॅलरीत आहे. त्यात पाणी साचून डास होतील, असं सासूबाई येता-जाता म्हणतात. रात्री नवरा गॅलरीत गेला आणि ठेचकाळला.

"हे काय आणून ठेवलंयस?"

"काळा आहे," मी म्हटलं. "नीट बघून आणला."