युद्धाआधीचं परराष्ट्र खातं कसं सांभाळावं

अभिनंदन! तुम्हाला परराष्ट्र खातं मिळालंय आणि युद्ध सुरू व्हायला अजून महिनाभर वेळ आहे. टेन्शन घेऊ नका, या कामाचा सगळा सिलॅबस युरोपातल्या थोर मंडळींनी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, १९१४ च्या जुलैमध्ये करून ठेवलाय, तुम्ही नुसती कॉपी मारायची.

एक गोष्ट आधीच डोक्यात फिट्ट बसवा. युद्ध थांबवणं हे तुमचं काम नाहीच. ते आपल्यामुळे झालं नाही हे फाइलमध्ये दिसलं की बास.

सुरुवात दोस्तापासून करा. २८ जूनला साराएव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आणि त्याची बायको मारले गेले, संशय सर्बियावर, सर्बियाला धडा शिकवायचं व्हिएन्नात ठरल्यात जमा होतं, पण थोरल्याला विचारल्याशिवाय कसं, म्हणून बर्लिनला माणूस पाठवला आणि ५ जुलैला जर्मनीचे बादशहा कैसर विल्हेल्मनी सांगून टाकलं की काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. कोरा चेक म्हणतात तो हाच. आणि चेक फाडून दिल्यावर काय करायचं? दुसऱ्या दिवशी नॉर्वेच्या सफरीला निघायचं. सुट्टीवरच्या माणसावर कोण संशय घेतो?

मग अल्टिमेटम. इथे टायमिंग महत्त्वाचं. ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री बेर्खटोल्ड हे घोड्यांच्या शर्यतींचे शौकीन, त्यामुळे त्यांना ते बरोब्बर जमलं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान तेव्हा रशियाच्या झारकडे पाहुणे होते, एका टेबलाशी बसून विचारबिचार करायला लागले तर पंचाईत, म्हणून ते परत निघायच्या बेतात असताना २३ जुलैला संध्याकाळी ६ वाजता बेलग्रेडमध्ये कागद हातात ठेवला. मुदत ४८ तास. सर्बियाचे पंतप्रधान पाशिच निवडणुकीच्या प्रचारात, गावातच नाहीत. अटी अशा घालायच्या की समोरचा नाही म्हणालाच पाहिजे. त्याने आगाऊपणा करून बऱ्याचशा मान्य केल्या तर? तर राजदूताचं सामान आधीच बांधलेलं असू द्या. ऑस्ट्रियाचे राजदूत गीझल साहेब यांच्या हातात २५ तारखेला ६ च्या सुमारास उत्तर पडलं आणि साडेसहाच्या गाडीने स्वारी बेलग्रेडबाहेर, काय तो वाचनाचा स्पीड!

शहाणपण दाखवायला हरकत नाही, फक्त तारीख बघून दाखवा. कैसरनी सर्बियाचं उत्तर वाचलं २८ जुलैला आणि शेरा मारला की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. त्याच दिवशी व्हिएन्नाने तार करून युद्ध पुकारलं.

पण माझे फेव्हरेट म्हणजे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे. नरो वा कुंजरो वा कसं म्हणावं ते या माणसाकडून शिकावं. फ्रेंच लष्कराशी १९०६ पासून बोलणी चालू, आणि पूर्ण मंत्रिमंडळाला ती कळली १९११ मध्ये. फ्रेंचांना वाटत होतं शब्द मिळालाय, मंत्रिमंडळाला वाटत होतं आपण मोकळे आहोत, जर्मनांना वाटत होतं ब्रिटन येतच नाही, आणि ग्रे साहेब कोणालाच खोटं बोलले नव्हते!! अल्टिमेटम वाचून त्यांनीच म्हटलं होतं की एका स्वतंत्र देशाने दुसऱ्याला इतकं भयंकर पत्र लिहिलेलं मी पाहिलं नाही. एवढं म्हणून २५ तारखेच्या वीकेंडला हॅम्पशायरमध्ये मासे पकडायला गेले. ते तिथे असतानाच २६ ला चार देशांची परिषद घेऊ असा प्रस्ताव त्यांच्या संमतीने फिरला, तो बर्लिनने २७ ला उडवला. तरी प्रस्ताव फाइलला लागला ना, झालं तर.

आणि हो, लिफाफे चेक करत जा. १ ऑगस्टला जर्मन राजदूताने रशियाचे परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांना युद्धाची घोषणा दिली त्यात दोन्ही मसुदे तसेच राहिले होते, रशियाने उत्तर दिलं तर हा आणि नाही दिलं तर तो. तो बिचारा देऊन झाल्यावर खिडकीपाशी जाऊन रडला, तेवढं मात्र तुम्ही करू नका, करिअरला बरं नसतं. लंडनमध्येही ४ ऑगस्टला, जर्मनीनेच युद्ध पुकारलंय अशा समजुतीने लिहिलेलं पत्र जर्मन राजदूताकडे पोचलं, मग कळलं की पुकारलेलं नाही, मग रात्री एका ज्युनिअरला धाडून ते बदलून आणलं. लाखो माणसं मरणार होती, पण कागद करेक्ट पाहिजे.

तोफा सुरू झाल्या की तुमचं खरं काम सुरू. आपल्या तारा आणि पत्रं निवडून एक पुस्तक छापायचं, अडचणीच्या तारा गाळायच्या, गाळून भागत नसेल तर बदलायच्या. फ्रेंचांनी रशियाच्या सैन्य जमवाजमवीची तार अशीच आपल्या सोयीने लिहून छापली होती. प्रत्येक पुस्तकात दोष दुसऱ्याचा आणि आपले हात स्वच्छ, त्यामुळे मजकुराची चिंता नको, कव्हरचा रंग तेवढा वेळेत बुक करा. जर्मनीने पांढरा घेतलाय, ब्रिटनने निळा, रशियाने नारिंगी, फ्रान्सने पिवळा, ऑस्ट्रियाने लाल, आणि बेल्जियमच्या वाट्याला करडा आला. जांभळा बघा मिळतोय का.