फटफटी

आमच्या १९९१च्या दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच दळण चालू आहे. शाळेत चिडवतात म्हणून कुणाच्या तरी भाचीला समुपदेशकाकडे नेलं, त्यावर एकाने लिहिलं, "आपण छड्या खाल्ल्या, पोरांचा मार खाल्ला, आपलं काय बिघडलं?" खाली अंगठ्यांची रांग.

काय बिघडतं ते ब्रिटनमध्ये विचारून झालंय. १९५८ साली तिथे एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा मागोवा पन्नाशीपर्यंत घेतला. ७व्या आणि ११व्या वर्षी ज्यांचा वारंवार छळ झाला, त्यांच्यात पंचेचाळिशीतही नैराश्य जास्त आढळलं. नॉर्वेत तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर १९८३मध्ये शाळांतल्या छळाविरुद्ध देशभर मोहीम निघाली. तिच्यामागचे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस आमच्या बर्गनचे, म्हणजे मी राहतो त्या नॉर्वेतल्या शहरातले. 'आमच्या' म्हणतोय खरा. आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम छडी आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. ग्रुपात तिघं शिक्षक आहेत; एकानेही त्याचं नाव काढलं नाही.

मी अडखळत बोलायचो. हजेरीला 'हजर'मधला 'ह' सुटेपर्यंत मागच्या बाकावरून किक मारल्याचे आवाज यायचे. सरही हसायचे. आज बेकरीत मला शिलिंग्सबोले, म्हणजे इथला दालचिनीचा गोड पाव, हवा असतो, पण 'श' अडेल म्हणून मी वाफल घेऊन घरी येतो.

गेल्या नोव्हेंबरात मुलाच्या शाळेतून निरोप आला, तो मधल्या सुट्टीत एकटाच उभा असतो. लगेच लेखी योजना, कोण कधी लक्ष ठेवणार, सगळं. हे मी ग्रुपवर ऐटीत सांगितलं. वाढदिवसांची बोलावणी त्याला अजूनही येत नाहीत, हे मात्र गिळलं. शाळेची योजना कुणाच्या घरच्या केकपर्यंत कशी पोचणार? आणि त्या रात्री मी त्याला काय म्हणालो? "लक्ष देऊ नकोस." माझे बाबा हेच म्हणायचे, पेपरातून डोकंही वर न काढता.

परवा शेवटी ब्रिटनचं सगळं पुराण ग्रुपवर टाकलं. मिनिटाभरात उत्तर आलं, "फटफटी चालू झाली रे!" राग यायला हवा होता. मी हसलो. इथे एकोणीस वर्षांत मला कुणी कसलंच नाव ठेवलेलं नाही.

मुलगा शेजारून डोकावत होता. "बाबा, फटफटी म्हणजे?"

"मोटरसायकल," मी म्हटलं.